सोसायटी अ‍ॅपचं लॉगिन : टीममध्ये वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे कुणासाठी लिहिलंय?

लॉगिनच्या कोडला हात लावणाऱ्या प्रत्येकासाठी. आपल्यातले निम्मे ठाण्यात, निम्मे ऐरोली, महापे, खारघरला, सगळे एका टेबलावर बसलेत असं क्वचितच होतं, मग तेच ते प्रश्न ग्रुपवर परत परत येतात आणि प्रत्येक वेळी उत्तर थोडं वेगळं मिळतं. म्हणून एका जागी लिहून ठेवतेय. अ‍ॅप हाउसिंग सोसायट्यांसाठी आहे, मेंटेनन्सची बिलं, तक्रारी, पार्किंग, नोटिसा वगैरे, आणि वापरणारे लोक म्हणजे घोडबंदर रोडच्या टॉवरमधल्या नोकरदार जोडप्यापासून वाशीतल्या सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमधल्या आजोबांपर्यंत सगळे.

दोन फील्ड आणि एक बटण, एवढंच तर काम आहे. एकालाच देऊन टाकलं तर पटकन नाही का होणार?

पहिल्या दिवशी होईल, पण लॉगिन कधी एका माणसाच्या कोडमध्ये राहतच नाही. फॉर्म एकजण लिहितो, सर्व्हर दुसरा, ईमेल तिसरा पाठवतो, आणि बिघाड जवळजवळ नेहमी यांतल्या कुठल्यातरी दोघांच्या मधल्या सांध्यात होतो. रजिस्ट्रेशनच्या फॉर्मवाल्याने पासवर्डच्या पुढच्या-मागच्या स्पेस कापल्या आणि लॉगिनच्या फॉर्मवाल्याने नाही कापल्या, की झालं, मोबाइलच्या कीबोर्डने शेवटी स्पेस टाकलेला प्रत्येक माणूस बाहेर. दोघांचा कोड वेगवेगळा वाचला तर दोन्ही बरोबर दिसतात. ईमेलचंही तेच, एका ठिकाणी सगळं लोअरकेस केलं आणि दुसऱ्या ठिकाणी नाही केलं तर एकाच माणसाची दोन खाती तयार होतात आणि त्याचं बिल भलत्याच खात्यात दिसतं.

म्हणून माझा आग्रह एकच आहे, कोड लिहायच्या आधी सांधे ठरवा. कोण काय पाठवणार, कोण काय साफ करणार, चुकलं तर काय उत्तर येणार. हे एका पानावर लिहायचं, ते पान रेपोमध्येच, म्हणजे आपला सगळा कोड जिथे राहतो तिथेच, ठेवायचं, आणि कोडमध्ये काही बदललं तर त्याच पुल रिक्वेस्टमध्ये (कोडमधला बदल तपासून घ्यायला टाकतात ती) ते पानही बदलायचं.

बरं, त्या पानावर नक्की काय लिहायचं?

लॉगिन, लॉगआउट, रजिस्ट्रेशन, पासवर्ड विसरलो, ओटीपी मागवणं, ओटीपी तपासणं, एवढ्यांचे पत्ते, काय जातं आणि काय येतं. स्टेटस कोड, म्हणजे सर्व्हर उत्तराबरोबर पाठवतो तो आकडा, आधीच ठरवा: ओळख पटली नाही तर ४०१, ओळख पटली पण परवानगी नाही तर ४०३, फार वेळा प्रयत्न केले तर ४२९. ४०१ आणि ४०३ मध्ये नवीन लोक नेहमी गोंधळतात. गेटवर वॉचमनने तुम्हाला ओळखलं ही एक गोष्ट झाली, आणि तुम्हाला कमिटीच्या ऑफिसची चावी मिळणं ही वेगळी गोष्ट. लॉगिन झालेल्या भाडेकरूने सगळ्या फ्लॅटची थकबाकी उघडायचा प्रयत्न केला तर ते ४०३, त्याला परत लॉगिन पेजवर ढकलायचं नाही.

लॉगिन चुकल्यावर दाखवायचा मेसेजही एकच हवा: "ईमेल किंवा पासवर्ड चुकीचा आहे". "हा ईमेल आमच्याकडे नाही" असं सांगितलं की कुणीही बसून कोणाचं खातं आहे आणि कोणाचं नाही ते शोधू शकतो. आणि नुसता मेसेज सारखा असून भागत नाही, वेळही सारखा लागला पाहिजे. ईमेल सापडला नाही म्हणून सर्व्हरने लगेच उत्तर दिलं आणि सापडला तर हॅश (पासवर्डवरून काढलेला, उलटा फिरवता न येणारा मजकूर) तपासायला वेळ घेतला, तर तेवढ्या फरकावरूनही कळतं. म्हणून खातं नसलं तरी एक खोटा हॅश तपासायचा.

सगळं स्वतः लिहायचं का तयार लायब्ररी?

तयार. फ्रेमवर्कमध्ये जे आहे तेच. जँगोमध्ये, लाराव्हेलमध्ये, स्प्रिंग सिक्युरिटीमध्ये हे काम वर्षानुवर्षं हजारो लोकांनी तपासलेलं आहे. स्वतःची हॅशिंगची युक्ती, स्वतःचं टोकन, स्वतःचं एन्क्रिप्शन रिव्ह्यूमध्ये मी पास करणार नाही, कितीही सुंदर लिहिलेलं असलं तरी.

डेटाबेसमध्ये पासवर्ड कसा ठेवायचा?

पासवर्ड ठेवायचाच नाही, त्याचा हॅश ठेवायचा, आणि तोही मुद्दाम हळू चालणारा. नवीन कोडसाठी आपण अर्गॉन२आयडी वापरतोय. अर्गॉन२ ही २०१५ मध्ये संपलेल्या पासवर्ड हॅशिंग स्पर्धेतली विजेती पद्धत, आणि ती मेमरी खाते म्हणून ग्राफिक कार्ड लावून अंदाज मारणाऱ्यांना महाग पडते. ओवास्प या वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या शिफारशीत कमीत कमी १९ एमआयबी मेमरी, २ फेऱ्या आणि १ समांतर धागा असं आहे, आपण तिथूनच सुरुवात करतो.

एमडी५ किंवा नुसता एसएचए (हे पटकन चालणारे हॅश) का नको असं विचाराल, तर २००९ मध्ये रॉकयू कंपनीकडून ३ कोटी २० लाखांच्या आसपास पासवर्ड गेले, ते तर हॅश न करता साधे लिहून ठेवलेले होते. २०१२ मध्ये लिंक्डइनचे गेले, ते एसएचए-१ होते पण सॉल्ट नव्हता, त्यामुळे सारख्या पासवर्डचा हॅशही सारखाच, आणि लोकांनी ते भराभर फोडले. सॉल्ट म्हणजे प्रत्येक खात्यासाठी वेगळा रँडम तुकडा. अर्गॉन२ आणि बीक्रिप्ट (आपली आधीची पद्धत) यांच्या लायब्ऱ्या तो स्वतःच टाकतात, त्यासाठी वेगळा कॉलम करू नका.

बीक्रिप्ट का बदललं? चालत होतं की.

बीक्रिप्ट वाईट नाही, १९९९ पासून टिकून आहे. पण ते पासवर्डचे पहिले ७२ बाइटच बघतं. इंग्रजीत ७२ बाइट म्हणजे ७२ अक्षरं, कुणाला अडचण येत नाही. देवनागरीत यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची नेहमीची पद्धत) मध्ये प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं. "ठाणे" घ्या, डोळ्यांना दोन अक्षरं दिसतात, पण ठ, काना, ण, मात्रा मिळून चार चिन्हं, म्हणजे १२ बाइट. असं २४ चिन्हांवर ७२ संपतात. आजोबांनी छान लांब मराठी वाक्य पासवर्ड म्हणून टाकलं तर त्याचा शेपटाकडचा भाग काही लायब्ऱ्या गुपचूप सोडून देतात, काही एरर देतात. दोन्ही आपल्याला नकोय. जुने बीक्रिप्ट हॅश तसेच ठेवलेत, माणूस पुढच्या वेळी लॉगिन करेल तेव्हा पासवर्ड आपल्या हातात असतो, तेव्हाच नवा हॅश करून बदलायचा.

मराठीत पासवर्ड टाकणारे खरंच आहेत का? एवढा विचार कशाला?

आहेत, आणि आपल्या अ‍ॅपमध्ये असायलाच हवेत. ज्यांना मराठीत टाइप करायला सोपं जातं त्यांनी का नाही करायचं. पण इथे एक भानगड आहे जी बाहेरच्या कुठल्याही ट्युटोरियलमध्ये सापडत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

"खाऱ्या" हा शब्द घ्या. यातला अर्धा ऱ कॉम्प्युटरवर तीन प्रकारे येऊ शकतो. एक, ऱ हे स्वतंत्र चिन्ह आणि हलन्त. दोन, साधा र, त्याखाली नुक्ता आणि मग हलन्त. तीन, साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं जोडणारं चिन्ह. स्क्रीनवर तिन्ही एकसारखे दिसतात. फोनचा कीबोर्ड एक पाठवतो, ऑफिसच्या विंडोजवरचा दुसरा, आणि हॅशच्या दृष्टीने हे वेगवेगळे पासवर्ड. माणूस म्हणतो अहो मी बरोबरच टाकतोय, आणि तो खरंच बरोबर टाकत असतो.

उपाय असा, की हॅश करायच्या आधी युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन करायचं, म्हणजे एकाच चिन्हाची वेगवेगळी रूपं एक करायची, त्याने पहिले दोन प्रकार एक होतात. तिसरा होत नाही, कारण न दिसणारं चिन्ह एनएफसी काढत नाही, म्हणून र, हलन्त आणि ते चिन्ह असा क्रम दिसला तर तो आपण स्वतः पहिल्या प्रकारात बदलतो. हे फक्त सर्व्हरवर, एकाच फंक्शनमध्ये, आणि रजिस्ट्रेशन, लॉगिन, पासवर्ड बदलणं या तिन्ही ठिकाणी तेच फंक्शन. फ्रन्टएन्डवाल्यांनी पासवर्डला अजिबात हात लावायचा नाही, जसा टाइप झाला तसा पाठवायचा.

जाता जाता आकड्यांचं पण सांगते. पायथनमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशनचं बॅकस्लॅश डी देवनागरी आकडेही मानतं, त्यामुळे ९८ ने सुरू होणारा देवनागरी मोबाइल नंबर तपासणीतून पास होतो आणि पुढे एसएमएसवाल्याकडे जाऊन अडकतो. नंबर आत घेतानाच इंग्रजी आकड्यात बदलायचा, नाकारायचा नाही.

क्लायंट म्हणतो एक कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह आणि दर ९० दिवसांनी बदल. करायचं?

नाही, आणि हे क्लायंटला समजावून सांगायचं काम आपलंच आहे. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शनातच सांगितलं की कारण नसताना ठरावीक दिवसांनी पासवर्ड बदलायला लावू नका, चिन्हांची सक्ती करू नका, लांबी द्या, आणि आधी फुटलेल्या पासवर्डच्या यादीत तो आहे का बघा. सक्ती केली की लोक नावापुढे ॲट आणि १२३ लावतात आणि ९० दिवसांनी १२४ करतात. फुटलेल्या यादीसाठी हॅव आय बीन पोन्ड ही सेवा वापरतो, तिथे पूर्ण पासवर्ड जात नाही, एसएचए-१ हॅशची पहिली ५ अक्षरं जातात आणि त्याच्याशी जुळणारी सगळी यादी परत येते, ताळा आपण आपल्याकडे करायचा. आणि पेस्ट बंद करू नका प्लीज, पासवर्ड मॅनेजर वापरणाऱ्याला शिक्षा कशाला.

सेशन का जेडब्ल्यूटी?

सगळ्यात जास्त वाद यावरच होतो. आपलं वेब अ‍ॅप आहे, सर्व्हर आपला, डोमेन आपलं, त्यामुळे साधं सेशन, म्हणजे कोण लॉगिन आहे याची सर्व्हरवरची नोंद, आणि ब्राउझरमध्ये तिचा आयडी ठेवणारी कुकी. जेडब्ल्यूटी, म्हणजे ओळख आतच लिहून सही केलेलं टोकन, २०१५ मध्ये आरएफसी ७५१९ या मानकाने आलं, वेगवेगळ्या सेवांनी एकमेकांना ओळख सांगायला ते छान आहे, पण एकदा दिलेलं टोकन मुदत संपेपर्यंत चालूच राहतं. सोसायटीचा सेक्रेटरी बदलला, जुन्याचा प्रवेश आत्ताच्या आत्ता बंद करायचाय, तर सेशनमध्ये एक ओळ पुसली की काम झालं. जेडब्ल्यूटीमध्ये रद्द केलेल्यांची यादी ठेवावी लागते आणि ती प्रत्येक रिक्वेस्टला बघावी लागते, मग सेशनच का नको? आणि लोकल स्टोरेजमध्ये टोकन ठेवणं तर नकोच, पानात कुठूनही एखादी परकी स्क्रिप्ट घुसली की ती ते वाचू शकते.

लॉगिन झाल्याबरोबर सेशनचा आयडी नवीन करायचा, हे विसरू नका. जुनाच चालू ठेवला तर आधीच कुणीतरी पेरून ठेवलेला आयडी लॉगिन झालेला होऊन बसतो.

माझ्या मशीनवर लॉगिन होतं, स्टेजिंगवर (चाचणीच्या सर्व्हरवर) होत नाही. कुकी जातच नाहीये!

बहुतेक वेळा यातलं काहीतरी असतं. आपल्या सेशनच्या कुकीवर एचटीटीपीओन्ली (पानातल्या स्क्रिप्टला वाचता येत नाही), सिक्युअर (फक्त एचटीटीपीएसवर जाते) आणि सेमसाइट लॅक्स (दुसऱ्या साइटवरून आलेल्या रिक्वेस्टबरोबर सहसा जात नाही) असे तिन्ही लावलेले आहेत. तुमच्या मशीनवर फ्रन्टएन्ड लोकलहोस्टच्या ३००० पोर्टवर आणि बॅकएन्ड ८००० वर, पोर्ट वेगळा असला तरी ब्राउझर त्याला एकच साइट मानतो, म्हणून चालून जातं. पण एकाने लोकलहोस्ट लिहिलं आणि दुसऱ्याने १२७.०.०.१, तर त्या दोन वेगळ्या साइट. स्टेजिंगवर फ्रन्टएन्ड एका होस्टिंगच्या फुकट डोमेनवर आणि बॅकएन्ड दुसऱ्याच्या, तर लॅक्स कुकी फेचबरोबर (पानातला कोड सर्व्हरला पाठवतो ती रिक्वेस्ट) जात नाही. क्रोमने फेब्रुवारी २०२० मध्ये आलेल्या ८० व्या आवृत्तीपासून काहीच लिहिलं नाही तर लॅक्स धरायला सुरुवात केली, त्यामुळे "मी तर सेमसाइट लावलंच नाही" हे उत्तर चालत नाही. दोन्ही आपल्याच डोमेनच्या सबडोमेनवर आणा, प्रश्न संपतो.

दुसरं म्हणजे फेचमध्ये क्रेडेन्शियल्स इन्क्लूड लिहिलंय का, आणि सर्व्हरच्या कॉर्स हेडरमध्ये (कुठल्या साइटला उत्तर वाचू द्यायचं ते सांगणारं) चांदणी (*) तर नाही ना. कुकी पाठवायची असेल तर तिथे चांदणी चालत नाही, पत्ता पूर्ण लिहावा लागतो. सेमसाइट नन करून "चालतंय आता" म्हणून पुल रिक्वेस्ट टाकू नका.

ओटीपीचा मेसेज जरा छान लिहिला तर चालेल का?

एक शब्दही परस्पर बदलू नका. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८ च्या नियमांमुळे एसएमएसचं हेडर आणि मजकुराचा नमुना ऑपरेटरच्या डीएलटी या नोंदणीच्या पोर्टलवर आधी नोंदवावा लागतो, पाठवलेला मजकूर त्याच्याशी जुळला नाही तर मेसेज अडवला जातो. कोडच्या टेस्ट सगळ्या हिरव्या, पुल रिक्वेस्ट मर्ज, आणि संध्याकाळपासून कुणालाच ओटीपी नाही, असं होऊ शकतं. म्हणून मजकूर एका वेगळ्या फाइलमध्ये आहे आणि त्या फाइलला बदल आला की आधी डीएलटीवर मंजुरी, मग मर्ज.

शिवाय मराठी मेसेज युनिकोडमध्ये जातो, एका एसएमएसमध्ये ७० चिन्हं, साध्या इंग्रजीत १६० मावतात. काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात हे वर सांगितलंच. थोडक्यात लिहा: आकडा आधी, मग अ‍ॅपचं नाव, मग "कुणालाही सांगू नका".

ओटीपी ६ आकडी म्हणजे १० लाख शक्यता, प्रयत्नांना मर्यादा नसेल तर स्क्रिप्टसाठी ते काहीच नाही. पाच चुकीच्या प्रयत्नांनंतर तो ओटीपी रद्द. मुदत आपण दहा मिनिटं ठेवलीये, कारण ठाणे-वाशी लोकलमध्ये उभं राहून बिल भरणाऱ्याचा मेसेज कधीकधी उशिरा येतो आणि तो "परत पाठवा" दाबतो, मग पहिला येतो, मग दुसरा, आणि तो पहिला टाकतो. म्हणून मुदतीत "परत पाठवा" दाबलं तर तोच आकडा परत जातो.

एका आयपीवरून जास्त प्रयत्न आले तर ब्लॉक करून टाकू का?

नुसत्या आयपीवर नको. मोबाइल कंपन्या एकाच सार्वजनिक आयपीमागे पुष्कळ ग्राहक ठेवतात, महाप्याच्या एका ऑफिसचे सगळे लोकही बाहेरून एकच दिसतात. महिन्याच्या शेवटच्या तारखेला बिल भरायची घाई असते तेव्हा एकाच्या चुकीने सगळे बाहेर. खातं आणि आयपी दोन्हीचा हिशोब वेगवेगळा ठेवा, खात्यासाठी मर्यादा कडक, आयपीसाठी सैल, आणि कायमचं कुलूप लावण्यापेक्षा दर चुकीनंतर थांबायचा वेळ वाढवत जा. कायमचं कुलूप लावलं तर कुणीही शेजाऱ्याचा ईमेल टाकून त्याला मुद्दाम बाहेर ठेवू शकतो, आणि सोसायटीतली भांडणं आपल्याला माहीत आहेत.

सेशन आयपीला बांधणंही नको. घरच्या वायफायवरून मोबाइल डेटावर गेलं की आयपी बदलतो.

"पासवर्ड विसरलो"ची लिंक उघडायच्या आधीच वापरलेली दिसते, असं कसं?

काही कंपन्यांचे मेल सर्व्हर व्हायरस तपासायला लिंक आधी स्वतः उघडतात. नुसती लिंक उघडल्यावर लिंकमधला गुप्त कोड, म्हणजे टोकन, खर्च होत असेल तर माणसाच्या हाती काही उरत नाही. लिंकने फक्त फॉर्म दाखवायचा, टोकन खर्च करायचं ते नवा पासवर्ड पोस्ट झाल्यावर. टोकन डेटाबेसमध्ये हॅश करून, एकदाच चालणारं. पासवर्ड बदलला की त्या माणसाची बाकी सगळी सेशन बंद.

गूगलने साइन इन करताना खातं ईमेलवरून जुळवू का?

गूगल जो सब नावाचा आयडी देतं त्यावरून जुळवा, तो बदलत नाही, ईमेल बदलू शकतो. पहिल्यांदा जोडताना ईमेल व्हेरिफाइड आहे का बघायचं, आणि त्या ईमेलचं आपल्याकडे आधीच खातं असेल तर आधी जुन्या पद्धतीने लॉगिन करायला लावायचं आणि मगच जोडायचं.

दोघांनी एकाच वेळी युजर टेबल बदललं, आता मायग्रेशन भांडतायत.

मायग्रेशन म्हणजे टेबलच्या रचनेतल्या बदलाची फाइल. जँगोमध्ये मेकमायग्रेशन्सला मर्जचा पर्याय आहे, पण त्याआधी एकमेकांना फोन करा, कारण कॉन्फ्लिक्ट सुटला तरी दोघांनी "मोबाइल" आणि "फोन" असे दोन कॉलम केलेले असू शकतात. युजर टेबलला बदल करायचा असेल तर त्याची वेगळी छोटी पुल रिक्वेस्ट, बाकी काही त्यात नको. लॉगिनच्या फोल्डरसाठी दोघांचा रिव्ह्यू लागतो आणि त्यातला एक तरी ज्याने तो भाग लिहिला नाही असा. मोठ्या पुल रिक्वेस्टवर लोक "छान" लिहून मोकळे होतात, तसं इथे चालणार नाही.

चुकून पासवर्ड असलेली एन्व्ह फाइल पुश झाली. डिलीट केली, झालं ना?

नाही झालं. गिटच्या हिस्ट्रीत ती आहेच, आणि सार्वजनिक रेपोवर अशा चाव्या, म्हणजे पासवर्ड आणि गुप्त कोड, शोधत बॉट फिरत असतात. आधी चावी बदला, मग हिस्ट्री साफ करायचं बघू. कुणावर राग धरायचा नाही, लगेच सांगणाऱ्याचे आभार मानायचे, नाहीतर पुढच्या वेळी कुणी सांगणारच नाही. आणि नवीन माणसाला एन्व्ह फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका, टीमच्या पासवर्ड मॅनेजरमधून द्या.

लॉगमध्ये काय असावं?

कोणतं खातं, कधी, कुठून, जमलं का नाही. रिक्वेस्टचा पूर्ण मजकूर छापणारं मिडलवेअर डिबगसाठी कुणीतरी लावतं आणि तसंच राहून जातं, मग हॅशिंगची सगळी मेहनत वाया, पासवर्ड लॉगमध्ये उघडे. पासवर्ड, ओटीपी, टोकन, कुकी गाळून टाकणारं फिल्टर आहे, ते बंद करू नका.

कुणाचा डेटा फुटल्याचा संशय आला तर?

रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन करा, खात्री होईपर्यंत थांबू नका. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि १८० दिवसांचे लॉग ठेवावे लागतात, त्यामुळे आधी सर्व्हर पुसून नवीन उभा करायची घाई करू नका, पुरावा जातो. क्रम असा: लॉगची कॉपी बाजूला, चाव्या बदला, सगळी सेशन बंद करा, कळवा, मग सोसायट्यांना साध्या मराठीत सांगा की काय गेलं आणि त्यांनी काय करायचं. त्या मेसेजचा नमुना रेपोमध्ये "घटना" नावाच्या फोल्डरमध्ये आहे, त्यात फक्त तारीख आणि तपशील भरायचे.